लो-ई काच आणि रेडिओलहरी

लो-ई काच म्हणजे उष्णतेचे प्रारण रोखण्यासाठी अतिशय पातळ धातुलेप दिलेली खिडकीची काच. साध्या काचेतून जाताना मोबाइलच्या लहरी जेमतेम काही डेसिबलने क्षीण होतात. लेप असलेल्या दुहेरी काचेत मात्र ही घट साधारण २५ ते ३५ डेसिबलपर्यंत जाते. ३० डेसिबल घट झाली, की बाहेरच्या शक्तीचा हजारावा हिस्साच आत पोहोचतो. रेंज गेली की दोष काँक्रीटला दिला जातो. पण भिंती पूर्वीही होत्याच, तेव्हा लहरी खिडकीवाटे आत येत. नव्या इमारतींत तीच वाट बंद झाली आहे.

हा लेप बहुधा चांदीचा असतो आणि एका थराची जाडी १० नॅनोमीटरच्या आसपास असते. एवढ्या पातळ थरातून उजेड सहज येतो, मग रेडिओलहरी का अडतात? चांदी उत्तम वाहक आहे. लहरीच्या विद्युतक्षेत्राने तिच्यातील इलेक्ट्रॉन हलू लागतात आणि त्यांच्यापासून निघणारी लहर मूळ लहरीला पलीकडच्या बाजूला जवळजवळ पुसून टाकते. दृश्य प्रकाशाचे परावर्तन कमी करण्यासाठी चांदीच्या दोन्ही बाजूंना ऑक्साइडचे थर दिलेले असतात. काही सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरीला मात्र त्या थरांचा काहीच फरक पडत नाही.

थंड देशांत असा लेप घरातली ऊब राखतो. मुंबई-पुण्याच्या काचेच्या कार्यालयांत त्याचे काम उलटे, ऊन बाहेर ठेवण्याचे असते. विजेची बचत मोलाची आहे, म्हणून लेपच नको म्हणणे योग्य नाही. इमारतीत अँटेनांचे जाळे टाकणे किंवा वाय-फाय कॉलिंग वापरणे हे रूढ उपाय आहेत.

त्याहून मुळाशी जाणारा उपाय काचेतच आहे. लेझरने लेपात केसाहून बारीक रेघांची जाळी कोरली, की सलग वाहक पृष्ठभागाचे छोटे तुकडे होतात आणि लहरी पलीकडे जातात. लेपाचा अगदी थोडा भाग निघत असल्याने उष्णतारोधन जवळपास तसेच राहते. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील ईपीएफएल या संस्थेच्या संशोधनातून तयार झालेल्या अशा काचा बीएलएस कंपनीच्या प्रादेशिक रेल्वेगाड्यांत बसवण्यात आल्या. रेल्वेडब्यात ही अडचण अधिक तीव्र असते, कारण डब्याचे बाकीचे कवच धातूचेच असते आणि लहरींना खिडकीखेरीज दुसरी वाट जवळजवळ नसते.