कोरी सीडी निवडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपण विकत घेतलेल्या कोऱ्या सीडीवर नीट बर्न होत नाही, म्हणजे माहिती वा गाणी लिहिली जात नाहीत, अशी तक्रार घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा अनेकदा सीडीही धडधाकट असते आणि राइटरही, म्हणजे सीडीवर लिहिणारा संगणकातला ड्राइव्हही. फक्त दोघांचे एकमेकांशी जमत नाही. म्हणून सीडी मागण्यापूर्वी आपल्या राइटरची ओळख करून घ्यावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

राइटरच्या ट्रेवर छापलेल्या खुणा आधी पाहाव्यात. तेथे डीव्हीडीची खूण दिसली म्हणजे डीव्हीडी बर्न होईलच असे नाही; बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये ‘कॉम्बो’ ड्राइव्ह आहे, जो डीव्हीडी वाचतो, परंतु लिहितो मात्र केवळ सीडी. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेसर लागतो, त्यामुळे दिसायला सारख्या असल्या तरी सीडी राइटरमध्ये कोरी डीव्हीडी टाकून काहीही साधत नाही.

यानंतर वेगाकडे वळावे, कारण बहुतेक घोटाळे येथेच होतात. १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, अर्थात ८० मिनिटांची सीडी भरायला ८० मिनिटे. १६ एक्सवर तेच काम सुमारे पाच मिनिटांत होते. वेष्टनावरचा ५२ एक्स हा आकडा त्या सीडीची कमाल मर्यादा सांगतो, आणि राइटरही तो वेग सीडीच्या बाहेरच्या कडेजवळ पोहोचल्यावरच गाठतो. वेग जितका कमी तितके काम पक्के, असा एक समज आहे. तो जुन्या सीडींच्या बाबतीत बराचसा खरा होता, परंतु आजच्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर जलद बर्निंगसाठी बनवलेला असल्याने त्या अगदी संथ चालवल्या तर परिणाम उलट बिघडूही शकतो. आमच्या मते, राइटर जमवून घेत असेल तर १६ ते २४ एक्स हा वेग ठेवावा.

सीडी आत गेल्यावर राइटरचा दिवा काही सेकंद लुकलुकतो, तेव्हा तो सीडीच्या खाचेत कारखान्यातच नोंदवलेला संकेतांक वाचत असतो. मिनिटे, सेकंद आणि फ्रेम (सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग) अशा रूपातला हा संकेतांक उत्पादकाची ओळख सांगतो. उदाहरणार्थ, तैवानच्या रायटेकचा संकेतांक ९७ मिनिटे १५ सेकंद असा सुरू होतो. त्यानंतर राइटर आतल्या कडेच्या राखीव जागेत लेसरची ताकद आजमावतो. संकेतांक त्याच्या ओळखीचा असेल तर ही आजमावणी बिनचूक उतरते. अनोळखी असेल तर सर्वसाधारण ठोकताळ्यावर भागवावे लागते, आणि जुन्या राइटरला नवी सीडी न मानवण्याचे हे एक मोठे कारण आहे. डब्यावरचे नाव एकाचे आणि आतली सीडी दुसऱ्याच कारखान्याची, हेही सर्रास घडते. ‘इमगबर्न’ या मोफत प्रोग्रॅममध्ये हा संकेतांक पाहता येतो, आणि जी सीडी आपल्याकडे उत्तम चालली तिचा संकेतांक लिहून ठेवणे नावावर विसंबण्यापेक्षा कधीही श्रेयस्कर.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. ‘हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा स्पीड’ असे छापलेली आरडब्ल्यू त्याहून जुन्या पिढीच्या राइटरमध्ये लिहिली जात नाही. शिवाय साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर सुमारे दोन-तृतीयांश प्रकाश परत पाठवते, तर आरडब्ल्यू जेमतेम पाव भाग, त्यामुळे जुन्या गाडीतल्या किंवा हॉलमधल्या प्लेअरला ती वाचता येईलच याची खात्री नसते. भजनांची किंवा लग्नाच्या गाण्यांची सीडी करायची असेल तर साधी सीडी-आरच घ्यावी. ‘म्युझिक’ असे लिहिलेली महाग सीडी घरगुती ऑडिओ रेकॉर्डरसाठी असते. संगणकावर बर्न करणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

क्षमतेबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे: ७४ मिनिटांची ६५० एमबी आणि ८० मिनिटांची ७०० एमबी. ९० वा ९९ मिनिटांच्या सीडी प्रमाणित मर्यादेबाहेरच्या असल्याने आम्ही त्यांची शिफारस करीत नाही.

सीडीची नाजूक बाजू खालची नसून वरची, म्हणजे नाव लिहिण्याची आहे. चकाकणारा थर आणि रंगद्रव्य त्या बाजूला लाखेच्या पातळ लेपाखालीच असतात, तर खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचे संरक्षण असते. बॉलपेनने नाव लिहिले की दाब थेट थरापर्यंत पोहोचतो. सीडी उजेडासमोर धरल्यास त्या अक्षरांमधून कधीकधी प्रकाश आरपार दिसतो. मऊ टोकाचा, सीडीसाठीचा मार्कर वापरावा, आणि कागदी स्टिकर लावू नये, कारण तो जराही एका बाजूला सरकला तर वेगाने फिरताना सीडीचा तोल जातो.

पन्नासचा डबा घेण्याआधी दोन सुट्या सीडी घेऊन जाव्यात, त्या बर्न करून ‘व्हेरिफाय’चा, म्हणजे लिहिलेले बरोबर उतरले का हे तपासण्याचा पर्याय चालवावा, आणि ज्या यंत्रावर त्या अखेर लागणार आहेत त्याच यंत्रावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवून पाहाव्यात. दुकानात येताना राइटरच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक कागदावर उतरवून किंवा मोबाइलवर फोटो काढून आणल्यास, त्याला मानवणारी सीडी आम्ही आपल्यासोबत बसून शोधून देऊ.