घरच्या लिनक्सवर क्लॅमएव्ही: काय पकडतो, कुठे अडतो

घरच्या लिनक्ससाठी फुकट अँटीव्हायरस शोधायला निघालं, की फिरून फिरून क्लॅमएव्हीपाशीच यावं लागतं. सोफोस, एफ-प्रॉट यांच्या मोफत आवृत्त्या एकेकाळी मिळायच्या. आता बंद झाल्या. क्लॅमएव्ही मुक्तस्रोत आहे आणि २०१३ पासून सिस्कोकडे आहे.

त्याचं मुख्य काम मेल सर्व्हरवरच्या अटॅचमेंट चाळण्याचं. त्यामुळे टाकल्या टाकल्या तो पहाऱ्याला बसत नाही. सांगाल तेव्हा, सांगाल ते फोल्डर तपासतो. त्यात सापडतात ते बहुतांशी विंडोजचे व्हायरस. पेनड्राइव्ह पुढे ऑफिसच्या विंडोजला लागणार असेल, तर हेही कामाचंच.

उबुंटूवर एपीटीने (पॅकेजेस टाकायची कमांड) ‘क्लॅमएव्ही’ आणि ‘क्लॅमएव्ही-डीमन’ ही पॅकेजेस घ्या. बरेच जण लगेच टर्मिनलमध्ये ‘फ्रेशक्लॅम’ चालवतात आणि लॉग फाइल लॉक असल्याची एरर येते. बिघडलेलं काही नसतं. तोच प्रोग्राम सर्व्हिस म्हणून आधीच चालू असतो आणि व्हायरसची यादी उतरवत असतो. थोडं थांबा, एवढंच.

फाइल तपासायची साधी कमांड म्हणजे ‘क्लॅमस्कॅन’. ती दर वेळी व्हायरसची अख्खी यादी रॅममध्ये चढवते. यादीला एक जीबीच्या वर जागा लागते, म्हणून एवढीशी फाइल तपासायलाही ‘क्लॅमस्कॅन’ रेंगाळते, आणि दोन जीबीचा जुना लॅपटॉप तर गुदमरतोच. दुसरी कमांड ‘क्लॅमडीस्कॅन’. ती डीमनने (मागे सतत चालू राहणाऱ्या प्रोग्रामने) आधीच चढवलेली यादी वापरते, त्यामुळे झटपट उरकते. पण रॅम कायमची अडते. शिवाय डीमन वेगळ्या युजरच्या नावाने चालतो आणि उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना बंद असतं, म्हणून ‘परमिशन डिनाइड’ येतं. कमांडला ‘एफडीपास’ हा पर्याय जोडला की अडचण सुटते.

फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. ठरावीक आकाराहून मोठी फाइल (नव्या आवृत्त्यांत १०० एमबी) क्लॅमएव्ही पूर्ण न तपासताच ‘ओके’ म्हणून मोकळा होतो. मोठ्या आयएसओपुढचं (अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या फाइलीपुढचं) ‘ओके’ त्यामुळे फारसं मनावर घेऊ नका.

आणि व्हायरसवाली फाइल थेट उडवणाऱ्या ‘रिमूव्ह’ पर्यायाला हात लावू नका. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम सहसा अख्खा इनबॉक्स एकाच फाइलीत ठेवतो. त्यात एक व्हायरसवाला मेल सापडला, की मेलसकट सगळा इनबॉक्स उडेल. फाइल दुसरीकडे हलवणारा ‘मूव्ह’ही तिथे इनबॉक्स उचलूनच नेईल. नुसता अहवाल घ्या आणि तो मेल थंडरबर्डमधूनच काढून फोल्डर कॉम्पॅक्ट करा.

नुकताच बनलेला मालवेअर मात्र यादीत असेलच असं नाही. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या एयूआरवर (वापरणाऱ्यांनीच चढवलेल्या पॅकेजेसचा साठा) फायरफॉक्सचा ‘पॅच’ म्हणून चढवलेल्या पॅकेजमध्ये केऑस रॅट निघाला. हा मालवेअर संगणकाचा ताबा दूरवरून घेऊ देतो. पॅकेज दोन दिवसांत काढलं गेलं, पण ज्यांनी टाकलं त्यांनी पासवर्ड देऊन आपल्याच हाताने टाकलं होतं. एयूआरवरून काही घेताना त्याची ‘पीकेजीबिल्ड’ फाइल उघडा: सोर्स कुठल्या पत्त्यावरून येतोय, ते तिथे लिहिलेलं असतं.