खुंटाला फुटणारे धुमारे आणि बुरशीचा उपाय

वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने तोडलेल्या सुबाभळीच्या खुंटाला पहिल्याच पावसात धुमारे फुटतात. ते दरवर्षी छाटण्यापेक्षा खुंटाला बुरशी लावून हा प्रश्न कायमचा मिटवता येईल का, असे मुंबईतील सोसायट्यांचे पदाधिकारी झाडांची निगा राखणाऱ्या आम्हांला विचारतात.

अशी बुरशी आहे. कोंड्रोस्टेरियम पर्प्युरियम ही लाकूड कुजवणारी बुरशी ताज्या कापातून खुंटात शिरते आणि नवे धुमारे येऊ देत नाही. नेदरलँड्समध्ये काळ्या चेरीच्या, तर कॅनडात विजेच्या तारांखाली वाढणाऱ्या झाडांच्या खुंटांवर तिचा वापर झालेला आहे. मात्र हीच बुरशी आलुबुखारासारख्या फळझाडांना रुपेरी पानांचा रोग जडवते. त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवलेला तिचा एकच वाण सर्वत्र पसरवला, तर तो स्थानिक वाणांना हुसकावून लावील का, किंवा त्यांच्याशी संकर होऊन अधिक घातक संतती निपजेल का, हा प्रश्न संशोधकांना पडला आणि त्यांनी तिच्या डीएनएची तपासणी केली. उत्तर अमेरिकेत ही बुरशी जनुकीयदृष्ट्या अतिशय विविध असल्याचे त्यातून दिसले. तिचे बीजाणू लैंगिक संयोगातून तयार होऊन वाऱ्याबरोबर दूर जात असल्याने एकाच परिसरात अनेक वेगवेगळे वाण आढळतात, आणि अशा गर्दीत बाहेरून सोडलेल्या एका वाणाचा वरचष्मा होणे अवघड असते. तिथल्या वापराला आधार मिळाला तो यामुळे.

एकाच लाकडात वेगवेगळ्या बुरशी आपापली जागा कशी राखतात, हे डोळ्यांनाही दिसते: कुजक्या ओंडक्याच्या कापावर काळ्या, नागमोडी रेघा आपण पाहिल्या असतील. त्या बहुधा शेजारी वाढणाऱ्या दोन बुरशींनी आखलेल्या हद्दी असतात. (आम्ही त्या ग्राहकांना हौसेने दाखवतो.)

उत्तर अमेरिकेतल्या विविधतेचा हा दिलासा मुंबईला मात्र लागू होत नाही. ही बुरशी थंड प्रदेशातली आहे. येथे तिची अशी स्थानिक गर्दी गृहीत धरता येत नाही आणि खुंटाला खेटून उभ्या असलेल्या गुलमोहरावर ती काय करील, हे तपासल्याशिवाय आम्ही ती वापरणार नाही. शिवाय भारतात जैविक कीटकनाशकांनाही कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये नोंदणी लागते. म्हणून आम्ही खुंट जमिनीलगत कापतो, साल मुळापर्यंत सोलतो आणि धुमारे कोवळे असतानाच खुडतो. या कामाला दोन पावसाळे लागू शकतात, हे आधीच सांगितलेले बरे.

चौकशी करताना खुंटाचे व आजूबाजूच्या झाडांचे छायाचित्र आणि तोडणीच्या परवानगीची प्रत सोबत पाठवावी.