नमती देहबोली

समोरच्याचे वरचढपण आपल्याला मान्य आहे, हे न बोलता दाखवणाऱ्या शारीरिक खुणा. मान खाली, खांदे पडलेले, नजर चुकवलेली, हात पोटाशी, अंग चोरलेले. मान तुकवणे, गुडघे टेकणे, दाती तृण धरणे हे वाक्प्रचार याच खुणांचे आहेत. शेवटच्यात शरण आलेला माणूस स्वतःला गाय ठरवतो, असा अर्थ बहुधा लावला जातो.

उगमाविषयी एकमत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये विरोधाचे तत्त्व मांडले, म्हणजे उलट भावना उलट हालचालींतून दिसते : चवताळलेला कुत्रा ताठ उभा राहतो, तर धन्यापुढे आलेला तोच कुत्रा अंग खाली घालून वळवळतो. माणसाचे खांदे उडवणेही त्यांनी याच तत्त्वात बसवले. हरलेला लांडगा गळा पुढे करतो आणि जेता थांबतो, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्ट्स यांचे निरीक्षण बरेच गाजले. लांडग्यांचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी १९६७ मध्ये ते खोडले. त्यांच्या मते नमण्याचे मूळ पिल्लाच्या वागण्यात आहे : तोंड चाटून अन्न मागणे हे सक्रिय नमन, पाठीवर पडून राहणे हे निष्क्रिय. हे मत अधिक पटण्याजोगे आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांतील ज्युदोपटूंच्या छायाचित्रांत, हरल्यावर जन्मांध खेळाडूंचेही खांदे पडलेले आणि छाती आत गेलेली दिसली. ही खूण निव्वळ पाहून शिकलेली नाही, असे त्यावरून म्हणता येते. पाश्चात्त्य डोळस खेळाडूंत मात्र ती कमी आढळली; म्हणजे ती दाबायला समाज शिकवत असावा.

मुंबईत या खुणा जपून वाचाव्या लागतात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकलेला माणूस गुडघे जुळवून, पिशवी छातीशी धरून बसतो. ते नमणे नव्हे, ती जागेची टंचाई. त्यावरून कोणाला भित्रा ठरवणे हा अन्याय होईल.

सक्तीच्या नमनाचा इतिहास वेगळा आहे. महार समाजावर लादलेला ‘जोहार’, म्हणजे वाकून करायचा नमस्कार, संत चोखामेळा यांच्या अभंगांतही येतो. आंबेडकरी चळवळीत, साधारणतः १९३० नंतर, त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली आणि अभिवादनातले वाकणे गेले. शहरातील घरकामाबाबत लेखी नोंदी तुटपुंज्या आहेत. सोफा रिकामा असूनही कामवाल्या मावशी दाराशी उभ्या राहून किंवा फरशीवर बसून चहा घेतात, हे दृश्य अनेक घरांत आजही दिसते.