शेक्सपिअरबद्दलचे दोन वाद आणि त्यांची गल्लत

‘शेक्सपिअरची नाटकं त्याची नाहीतच म्हणे!’ असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, सगळीच नाहीत की काही प्रवेश नाहीत? वाद दोन आहेत, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपवला जातो.

पहिला वाद माणसाचा. स्ट्रॅटफर्डमधल्या हातमोजे करणाऱ्याचा मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, दरबार आणि कायदा याबद्दल इतकं कसं लिहील? म्हणजे लिहिणारा कोणी बडा असामी असणार. १८५७ साली अमेरिकन लेखिका डेलिया बेकनने तत्त्वज्ञ आणि राजकारणी फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. १९२० साली इंग्रज शिक्षक लूनी यांनी ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड द व्हीअर पुढे आणला. हा अर्ल १६०४ मध्येच, म्हणजे काही नाटकं रंगमंचावर येण्याआधीच, वारला. त्यावर समर्थकांचं उत्तर तयार असतं: नाटकं आधीच लिहून ठेवली होती. पुरावा नाही, तर तो लपवला म्हणून नाही. अशा वादाला अंत नसतो. गरिबाघरच्या पोराला अक्कल कुठून, हा त्यातला सूर मला तरी खटकतोच.

दुसरा वाद लेखणीचा, आणि खरी मजा इथे आहे. त्या काळी नाटक मंडळ्या दोघा-चौघांकडून मिळून नाटक लिहून घेत. थिएटरमालक फिलिप हेन्स्लोच्या हिशेबवहीत एकाच नाटकापोटी अनेकांना दिलेले पैसे नोंदलेले आहेत. ‘टू नोबल किन्समेन’च्या १६३४ च्या छापील प्रतीवर तर त्याच काळातला नाटककार जॉन फ्लेचर आणि शेक्सपिअर अशी दोन्ही नावं सरळ आहेत. ‘हेन्री द एट्थ’मध्ये मात्र फ्लेचरचा माग काढावा लागतो. फ्लेचर ‘देम’च्या जागी ‘एम’, ‘यू’च्या जागी ‘यी’ जास्त वापरतो आणि ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर सोडतो. या खुणा काही प्रवेशांत दाट आहेत, काहींत विरळ. शेक्सपिअरच्या नाटकांच्या २०१६ च्या न्यू ऑक्सफर्ड आवृत्तीने ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिन्ही भागांवर त्याच्या काळातला नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याचं नाव सहलेखक म्हणून घातलं. ते सगळ्या अभ्यासकांना पटलेलं नाही.

या दुसऱ्या वादाने पहिल्याला बळ मिळतं असं वाटतं, पण होतं उलटं. १६१३ च्या सुमारास फ्लेचरशी प्रवेश वाटून घेणारा माणूस नाटक मंडळीतलाच हवा, नऊ वर्षांपूर्वी वारलेला अर्ल नव्हे.

‘हेन्री द एट्थ’मधला फ्लेचरचा हात १८५० साली सविस्तर दाखवला तो जेम्स स्पेडिंग यांनी. हेच स्पेडिंग बेकनच्या समग्र लेखनाचे संपादक. बेकनवाद्यांनी त्यांचं मत मागितलं तेव्हा त्यांनी कळवलं, की ही नाटकं दुसऱ्या कोणी लिहिली असलीच, तरी तो बेकन नक्की नव्हे.