वळवळ आणि वेदना

गळाच्या आकड्यात ओवलेले गांडूळ वळवळू लागते तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो. खुरात जखम झालेली मेंढी मात्र मान खाली घालून चरत असते आणि तिच्याकडे पाहून कोणालाच काही वाटत नाही. दोन्ही वेळी आपण डोळ्यांना दिसलेल्या हालचालीवरून आतल्या दुःखाचे माप काढत असतो. प्राण्यांच्या मनाविषयी वाद घालताना होणारा बराचसा घोळ इथूनच सुरू होतो, कारण शरीराने इजेची घेतलेली दखल आणि त्या इजेची होणारी वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून त्या पुष्कळदा अगदी सारख्या दिसतात.

इजेची दखल घेण्याच्या क्रियेला शरीरक्रियाशास्त्रात नोसिसेप्शन म्हणतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडली. त्वचेतील विशिष्ट चेतातंतूंची टोके अतिउष्णता, दाब किंवा आम्ल यांमुळे उद्दीपित होतात, संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूची वाट न पाहता तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. तापलेल्या भांड्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ मागाहून उमटते. रेंगाळणारा ठणका त्याहूनही उशिरा जाणवतो, कारण त्याचा संदेश वाहणारे बारीक तंतू सेकंदाला साधारण एक मीटर इतक्याच वेगाने काम करतात. हात मागे येणे ही झाली दखल. वेदना म्हणजे त्यानंतर जे कोणाला तरी सोसावे लागते ते. आपली भाषा इथे फारशी मदत करत नाही, कारण ‘चटका’ हा शब्द आपण त्वचेला बसलेल्या आघातालाही वापरतो आणि त्या आघाताच्या अनुभवालाही.

या दोन गोष्टी एकमेकींवाचून घडू शकतात. 1853 साली एडुआर्ट फ्ल्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाने डोके काढलेल्या बेडकाच्या मांडीवर आम्ल लावले, तेव्हा बेडकाने त्याच बाजूच्या पायाने ते पुसले. तो पाय कापून टाकल्यावर काही वेळाने दुसऱ्या पायाने पुसले. हे इतके हेतुपूर्वक केल्यासारखे दिसत होते की मज्जारज्जूतही जाणीव असते असा निष्कर्ष फ्ल्यूगरने काढला. आज ही मज्जारज्जूची यंत्रवत क्रिया समजली जाते. मात्र तो फसला त्याचे नवल वाटू नये, तो बेडूक पाहून कोणीही फसला असता. उलट उदाहरणे माणसांतच मिळतात. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, इटलीतील अँझिओ येथील आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरने पाहिले, की गंभीर जखमा झालेल्या अनेक सैनिकांना वेदनाशामक औषध हवे का असे विचारले तर ते नको म्हणत. इजा ढळढळीत, वेदना मात्र नाही किंवा अगदी कमी. आणि तोडलेला पाय दुखतो म्हणून रात्र जागून काढणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत वेदना आहे, पण जिथे ती जाणवते तो अवयवच नाही.

मग न बोलणाऱ्या जिवाच्या बाबतीत ठरवायचे कसे? माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण एकच: इजेमुळे त्या प्राण्याचा व्यवहार बदलतो का, म्हणजे ती टाळण्यासाठी तो काही किंमत मोजतो का, तिच्यापायी त्याचे इतर गोष्टींवरचे लक्ष उडते का. प्रतिक्षिप्त क्रिया असा हिशेब करत नाही. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचले, तेव्हा मासे तळच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ खाद्याकडे फिरकले नाहीत. एवढ्यावरून फारसे सिद्ध झाले नसते. पण त्यांच्या टाकीत खेळण्यातल्या ठोकळ्यांचा लाल मनोरा सोडला, तेव्हा एरवी अनोळखी वस्तूपासून दूर राहणारे हे मासे त्याच्या जवळ वावरत राहिले, जणू भीती बाळगायलाही त्यांना उसंत नव्हती. आणि मॉर्फिन हे वेदनाशामक दिलेल्या माशांत ती सावधगिरी परत आली. ज्याचे काम फक्त पाठीच्या कण्यात चालते त्या क्रियेने माशाच्या भीतीत ढवळाढवळ करण्याचे कारण नाही.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एल्वूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखाच्या आत विजेचे सौम्य झटके दिले, तेव्हा नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे चटकन बाहेर पडले आणि आवडत्या शंखातले चिवटपणे आत बसून राहिले. पाण्यात शिकाऱ्याचा वास असला की घर सोडण्याचे प्रमाण आणखी घटले. कोंबड्यांची गोष्ट तर मला याहूनही बोलकी वाटते. पाय अधू झालेल्या कोंबड्यांपुढे साधे खाद्य आणि वेदनाशामक मिसळलेले खाद्य असे दोन्ही ठेवले, तेव्हा त्यांनी औषधाचे खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा अधिक खाल्ले, आणि लंगडणे जितके तीव्र तितके ते प्रमाण वाढत गेले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की माणसाच्या मेंदूवर जे सहा थरांचे बाह्यक, म्हणजे बाहेरचे आवरण, असते ते माशांना नसते, म्हणून त्यांना वेदना होऊच शकत नाही. हा आक्षेप निष्काळजीपणाचा नाही, पण तो मान्य केला तर फार काही नाकारावे लागते: तसे बाह्यक कोंबडीलाही नसते. शिवाय मेंदू पुरेसा पक्व नाही या युक्तिवादाचा इतिहास चांगला नाही. तान्ह्या बाळांना वेदना नीट कळत नाहीत या समजापोटी 1980 च्या दशकापर्यंत अनेक नवजात बालकांवर पुरेशा वेदनाशामकांवाचून शस्त्रक्रिया झाल्या. ती बाळे रडत होती, हातपाय झाडत होती, पण ती ‘नुसती प्रतिक्षिप्त क्रिया’ मानली गेली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत स्पष्ट नोंदवले, की बोलता न येण्यावरून माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नाहीत असे ठरत नाही.

कीटकांचे प्रकरण अजून मिटलेले नाही. मादी डोके खात असतानाही नर खंडोबाचा किडा समागम चालूच ठेवतो, हे पाहून कोणालाही वाटेल की इथे वेदनेला जागाच नाही. पण 2022 साली भुंगमाश्यांपुढे (बंबलबी) रंगांवरून ओळखता येतील अशी साखरपाण्याची भांडी ठेवली, त्यातली काही 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली. गोडी सारखी असेल तर माश्या तापलेली भांडी टाळत. थंड भांड्यांतली साखर जितकी कमी केली तितक्या त्या चटका पत्करून तापलेल्या भांड्याकडे वळू लागल्या. हा हिशेबच झाला, आणि तोही आठवणीत ठेवलेल्या रंगाच्या आधाराने. त्याच वर्षी ब्रिटनने केलेल्या प्राणी-संवेदनक्षमता कायद्यात पृष्ठवंशीय प्राण्यांबरोबर ऑक्टोपस, माकूळ, खेकडे आणि कोळंबी यांना स्थान मिळाले. कीटक बाहेर राहिले.

आपली नजर मात्र आवाज आणि चेहरा यांवर अडकलेली असते. माशाला ओरडता येत नाही, पापण्या नाहीत, म्हणून तो निर्विकार वाटतो. कुत्र्याला भुवया उंचावता येतात, म्हणून त्याचे सगळे कळल्यासारखे वाटते. शिकार होणारे प्राणी तर दुखणे लपवण्यात तरबेज असतात, कारण कळपात अशक्त दिसणारा आधी पकडला जातो. म्हणून संशोधकांनी 2010 मध्ये उंदरांसाठी आणि नंतर इतर प्राण्यांसाठी चेहऱ्याच्या बारीक खुणा मोजण्याच्या श्रेणी तयार केल्या. 2016 मध्ये त्या मेंढ्यांसाठीही झाल्या. खूर सडलेली ती मेंढी चरत असते खरी, पण जवळ जाऊन पाहिले तर तिचे डोळे अर्धवट मिटलेले असतात, कानांची ठेवण बदललेली असते, गालाचे स्नायू ताठरलेले असतात, आणि एरवी गोलसर दिसणाऱ्या नाकपुड्या आवळून खाली टोकदार झालेल्या असतात.