दिद्दा
दिद्दा (मृत्यू १००३) : काश्मीरची राणी, राजप्रतिनिधी आणि अखेरची सुमारे दोन दशके स्वतःच्या नावाने राज्य करणारी शासक. पीर पंजाल पर्वतरांगेच्या दक्षिणेकडील लोहर राज्याचा अधिपती सिंहराज हा तिचा पिता, तर उदभांडपूरचा (आजच्या पाकिस्तानातील हुंड) शाही घराण्यातील राजा भीम हा तिच्या आईचा पिता. काश्मीरचा राजा क्षेमगुप्त (कारकीर्द ९५०–५८) याच्याशी तिचा विवाह झाला. त्याच्यावर तिचा इतका प्रभाव होता, की नाण्यांवर त्याच्या नावाआधी तिच्या नावाचे ‘दि’ हे आद्याक्षर उमटले.

क्षेमगुप्ताच्या निधनानंतर अल्पवयीन मुलगा अभिमन्यू गादीवर आला व कारभार दिद्दाकडे गेला. तत्पूर्वी ती सती जाण्यास निघाली होती. मंत्री फल्गुणाने त्याला तत्काळ संमती दिली. त्याची मुलगी चंद्रलेखा ही क्षेमगुप्ताचीच दुसरी राणी होती, हे लक्षात घेता या तत्परतेचे नवल वाटत नाही. चितेजवळ दिद्दाचे मन पालटले तेव्हा नरवाहन या मंत्र्याने तिला परावृत्त केले. पुढे महिमा व पाटल या क्षेमगुप्ताच्या भाच्यांनी बंड केले, तेव्हा तिने बालराजाला शूरमठात सुरक्षित ठेवून ललितादित्यपुराच्या ब्राह्मणांना सोने वाटले आणि बंडखोरांची एकजूट फोडली. ती पायाने अधू होती व वल्गा नावाची स्त्री तिला उचलून नेत असे. गाईच्या खुराएवढे डबके ओलांडण्याचे बळही जिच्यात कोणाला दिसले नव्हते, तिने हनुमानाप्रमाणे शत्रूंचा समुद्र ओलांडला, असे काश्मीरचा इतिहासकार कल्हण याने या प्रसंगी लिहिले आहे.

अभिमन्यू ९७२ मध्ये क्षयाने वारला. त्यानंतर तिने त्याच्या नावे अभिमन्युपूर वसवले, मंदिरे व मठ उभारले आणि पडझड झालेल्या देवालयांचा जीर्णोद्धार केला. श्रीनगरमधील दिद्दमर या वस्तीच्या नावात तिच्या मठाची खूण उरली आहे. नंदिगुप्त, त्रिभुवनगुप्त व भीमगुप्त हे तिचे नातू मात्र एकामागून एक गादीवर येऊन मरण पावले. पहिल्या दोघांना तिने जारणमारणाने व तिसऱ्याला छळ करून मारले, असा कल्हणाचा आरोप आहे. त्याचा *राजतरंगिणी* हा ग्रंथ तिच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेला असून तिच्या चरित्राची माहिती मुख्यतः त्यातूनच मिळते. त्यामुळे जारणमारणाची कथा शब्दशः घेता येत नाही; परंतु तिन्ही मृत्यूंचा राजकीय लाभ तिलाच झाला, हेही नाकारता येत नाही. भीमगुप्तानंतर, सुमारे ९८० पासून, तिने राजप्रतिनिधित्वाचा आडपडदा न ठेवता स्वतःच राज्य केले.

या काळात तिचा मुख्य आधार होता तुंग. पर्णोत्स (पुंछ) भागातील हा खश जमातीतील तरुण पूर्वी म्हशी राखत असे. काश्मीरमध्ये तो पत्रवाहक म्हणून आला आणि राणीच्या मर्जीने सर्वाधिकारी (मुख्य मंत्री) झाला. जुन्या मंत्र्यांना व सरदारांना हे रुचले नाही, पण त्यांचे उठाव निष्फळ ठरले.

वारस निवडताना तिने भावांच्या मुलांपुढे फळांचा ढीग ठेवून कोण जास्त फळे मिळवतो ते पाहिले. इतरांच्या हाती झटापटीत मारच अधिक आला. संग्रामराजाने मात्र त्यांना आपापसांत झुंजवून अंगाला धक्का न लागू देता सर्वाधिक फळे गोळा केली. तिने त्यालाच युवराज केले. ही कथा रचलेली असो वा खरी, १००३ मध्ये काश्मीरचे सिंहासन रक्तपाताविना तिच्या माहेरच्या लोहर घराण्याकडे गेले. संग्रामराजाने तुंगाला पदावर कायम ठेवले आणि गझनीच्या महमूदाविरुद्ध शाही राजा त्रिलोचनपालाच्या मदतीस गेलेल्या काश्मिरी सैन्याचे नेतृत्व तुंगानेच केले.